तारेला ओवलेल्या तक्रारी

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास टेलरबाईंनी स्वतःच्या हाताने स्वतःचं घर आंधळं करून ठेवलं.

घर तसं आटोपशीर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधे लांबलचक पॅसेज आणि त्याच्या टोकाला बाथरूम. पॅसेजला खिडकी नाही, त्यामुळे तिथे भरदुपारीही अंधार. कपाटावर साबणाच्या डबीएवढा एक संगणक, आणि त्याच्या पोटात चार कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले चार प्रोग्राम. बाई त्यांना डबे म्हणत. दुकानात गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ बघत बघत त्या हे शिकल्या होत्या. एक डबा भिंतीवरच्या सेन्सरांचं ऐकायचा, दुसरा निरोप पोचवायचा, तिसऱ्यात सगळे नियम, म्हणजे कोण उठलं की कुठला दिवा लावायचा आणि किती वेळ ठेवायचा. चौथा हे सगळं फोनवर दाखवायचा. एकाला ताप आला तर दुसऱ्याला लागण नको, म्हणून चौघांच्या चुली वेगळ्या.

हा सगळा खटाटोप सासऱ्यांसाठी. अण्णांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. हिवाळ्यात ते पॅसेजमध्ये पडले, तेव्हा परगावी नर्स असलेली त्यांची लेक, बाईंची नणंद, म्हणाली होती, "तुम्ही दोघं दिवसभर कामावर. अण्णांना मी घेऊन जाते." अण्णांना जायचं नव्हतं. शेवटी ठरलं, की या ताईंनी एक दिवस येऊन बघायचं. अण्णा एकटे नीट वावरले तर राहतील, नाहीतर बॅग भरायची. तो दिवस आजचा. ताई चार वाजता यायच्या होत्या.

पाहुणे यायचे म्हणून बायका घर झाडतात. बाईंनी डबे झाडले. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, ती घ्यायची म्हणजे जुना डबा फेकून त्याच्या जागी नवा मांडायचा. आतलं सामान आधीच बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असलं, की काही बिघडत नाही. तीन डब्यांचं सामान बाहेर होतं. नियमांच्या डब्याचं मात्र 'उद्या करू' म्हणत आठ महिने आतच राहिलं होतं. वर साफसफाईची आज्ञाही दिलेली, म्हणजे जुना डबा उकिरड्यावरही सापडायला नको. डब्याबरोबर नियमही गेले.

मापाची चिठ्ठी ब्लाउजच्या खिशात ठेवावी आणि तो ब्लाउजच जुन्या कपड्यांत देऊन टाकावा, तशातली गत.

बाईंनी बेकरीत नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मग आता?"

"आता तुझ्या बहिणीची गाडी चुकू दे म्हणून देवाला सांग."

"ती गाडीच्या आधी तासभर स्टेशनवर असते."

तेवढ्यात अण्णा भिंतीला हात लावत आले. "सूनबाई, बाथरूमचा दिवा आज संपावर का?"

बाईंनी खरं ते सांगितलं. अण्णा स्टुलावर बसले.

"सगळे नियम गेले?"

"सगळे. कुठला दिवा किती सेकंद, मला कुठलं आठवायला?"

"तुला कशाला आठवायला हवं? माझी तार काढ."

अण्णांची तार म्हणजे त्यांच्या घड्याळांच्या दुकानातली, पावत्या ओवायची जुनी आकड्याची तार. तोंडी तक्रार करणं त्यांना कधी जमलं नाही. दुकानातल्या उरलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर ते लिहीत आणि चिठ्ठी सुनेच्या घरच्या शिलाई मशीनखाली सरकवून ठेवत. काम झालं, की बाईंनी सही करायची आणि अण्णांनी चिठ्ठी तारेला ओवायची. तेव्हा बाई कुरकुरत, "दुकानात गिऱ्हाईकं काय कमी होती, म्हणून घरात एक पाळलंय."

आता तेच गिऱ्हाईक डोळ्याला भिंग लावून एकेक चिठ्ठी वाचू लागलं.

"वस्तू, पॅसेजचा दिवा. तक्रार, मी अर्ध्यात असतानाच विझतो. आहे पंचवीस सेकंद, हवे चाळीस."

"चाळीस," बाईंनी टाइप केलं.

"थांब, वरची बघू दे. दुखऱ्या गुडघ्यामुळे पन्नास."

"अण्णा, स्टॉपवॉच लावून चालत होता तुम्ही?"

"मग काय अंदाजपंचे?"

चोपन्न चिठ्ठ्या निघाल्या. ज्या दिव्याची जी चिठ्ठी सर्वांत वरची, तीच खरी. साडेतीनला शेवटचा नियम बसला. पण त्याच्याही आधी, सगळ्यांत पहिल्यांदा, बाईंनी तिसऱ्या डब्याचं सामान बाहेर काढून ठेवलं होतं.

"तिला सकाळचं सांगू नकोस," अण्णा हळूच म्हणाले.

ताई आल्या, चहा झाला. अण्णा उठले. पलंगाखालचा मंद दिवा लागला, मग पॅसेजचा, मग बाथरूमचा. पुढे पुढे दिवे आणि मागून अण्णा, जसा काही नवरदेवच. ताई घड्याळात बघत होत्या.

"छान चाललंय की," त्या म्हणाल्या.

बाईंना राहवेना. "ताई, सकाळी हे सगळं पुसलं गेलं होतं. माझ्या हातून. अण्णांच्या चिठ्ठ्या होत्या, म्हणून उभं राहिलं."

पॅसेजमधून अण्णांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

ताईंनी तार हातात घेतली आणि बराच वेळ चिठ्ठ्या चाळल्या. प्रत्येकीवर अण्णांचं बारीक अक्षर, खाली बाईंची सही. एकीवरची तारीख आणि वेळ बघून त्या थबकल्या. "ही सकाळची तक्रार, आणि सही त्याच दुपारची?"

"दुपारी दुकान बंद असतं ना."

"माझ्या वॉर्डात बल्ब बदलायला तीन आठवडे लागतात." ताईंनी तार परत ठेवली. "अण्णा, बॅग नका भरू. आणि तू, पुढच्या वेळी डबे झाडायच्या आधी मला फोन कर. मी येऊन हात धरून ठेवते तुझे."

पॅसेजमधून परत आलेल्या अण्णांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढून तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि ती लेकीच्या कपाखाली सरकवली.

वस्तू, लेक. तक्रार, चार महिन्यांनी येते. हवे, दर महिन्याला.

ताईंनी पर्समधून पेन काढलं, सही केली आणि चिठ्ठी तारेला ओवायला गेल्या.

"अंहं," अण्णा म्हणाले, "काम झाल्याशिवाय ओवत नाहीत."