दुसरा बार

“कान झाका रे, डागतोय.”

मित्रांनो, इतकी वर्षं लोटली तरी अलोईसचा तो पुकारा माझ्या अंगात घुमतो. मी एक जुना पोलादी ठसा आहे, बोटाएवढा. फ्रान्सच्या काठावरच्या आल्सेसमधल्या एका चाचणीघरात माझी हयात गेली. दुसरं महायुद्ध नुकतंच सरलं होतं. ऱ्हाइनपलीकडच्या जर्मनांना हत्यारं घडवायची बंदी होती, म्हणून त्यांच्या पिस्तुलाचा परवाना घेऊन ते आमच्या काठावर घडू लागलं. प्रत्येक पिस्तूल आधी अलोईसच्या हाती यायचं. तो ते शिकंज्यात आवळायचा, जादा दारूचं काडतूस भरायचा आणि लोखंडी पडद्याआडून दोरी ओढायचा. कुठे तडा गेला नाही, की हातोडीचा एक घाव, आणि माझी खूण त्याच्या अंगावर. धरणाऱ्याच्या हातात हे फुटणार नाही, असं वचनच होतं ते. मी भारी मिरवायचो.

पोलाद तापवून, पाण्यात बुडवून कडक करायला, म्हणजे पाणी द्यायला, नदीपलीकडून एबरहार्ट नावाचा पोक्त कारागीर आला होता. त्याच्या भट्टीतलं पिस्तूल आलं, की अलोईस एकाऐवजी दोन बार काढायचा. नियम एकाचाच होता.

“नवरी पसंत करतोयस का रे? किती पारखशील?” पिस्तुलं पुसणारी मार्त हसायची.

“पलीकडचं पाणी आहे, मार्तबाई. गढूळ असतं.”

मग मार्त मान खाली घालून पुढचं पिस्तूल पुसायला घ्यायची. अलोईसच्या धाकट्या भावाला युद्धात जर्मनांनी जबरदस्तीने आपला गणवेश चढवून रशियात धाडलं होतं. तो परतला नव्हता.

एका हिवाळ्यात दुसऱ्या बाराला एका पिस्तुलाची पाठ तडकली. चाचणीघराचे साहेब धावत आले.

“बार एकच काढला ना?”

अलोईसने मला मुठीत आवळलं. “एकच.”

एबरहार्ट तिथेच उभा होता, टोपी हातात धरून. तो काही बोलला नाही. पाणी कच्चं दिलं, असा ठपका घेऊन तो नदीपलीकडे निघून गेला. त्यानंतर कुणी त्याला भट्टीजवळ उभं केलं नाही, असं कानावर आलं. मला तोंड होतं, पण ते फक्त उमटायला.

पुढे मी झिजलो. कुणी माझा गैरवापर करू नये म्हणून माझ्या तोंडावर कानस फिरवली. अलोईसने मला घरी नेलं, आणि स्वयंपाकघराच्या खणात बुचांच्या पसाऱ्यात मी पडून राहिलो. मित्रांनो, वस्तू पारखा, खुशाल पारखा. पण माणसावरचा राग तिच्यावर काढू नका. ती सोसते, आणि मग कुणाचं तरी आयुष्य तडकतं.

केस पिकल्यावर एका दुपारी अलोईस मला कोटाच्या खिशात घालून पूल ओलांडून गेला. एबरहार्ट अंगणात आलुबुखार निवडत बसला होता. अलोईसने मला त्याच्यापुढे ठेवलं.

“तुमचं पाणी पक्कं होतं. मी दोन बार काढायचो.”

“ठाऊक आहे. माझी भट्टी तुमच्या भिंतीलाच तर होती. रोज ऐकायचो.”

“मग साहेबांपुढे बोलला का नाहीत?”

एबरहार्टने हातातलं फळ पुसून बाजूला ठेवलं.

“रशियात माझ्या तुकडीत आल्सेसची पोरं होती, अलोईस. गोळ्या सुटायच्या तेव्हा त्यांना सगळ्यांच्या पुढे मीच उभं करायचो. तुमचा दुसरा बार मला कधी जास्त वाटला नाही.”