परत आलेले डबे

मी क्रेट बोलतोय. प्लॅस्टिकचा, निळा, दोन्ही बाजूंना पकडायला खाचा असलेला. मला तोंड आहे, तेही एवढं मोठं आणि सदा उघडं. पण माणसांशी बोलायची सोय नाही. म्हणून तुम्हालाच काय ते सांगून मन मोकळं करतोय.

माझा जन्म कारखान्यातला. फुटक्या बादल्या आणि मोडक्या खुर्च्या वितळवून मला साच्यात ओतलं. पहिली नोकरी एका बेकरीत. रोज पहाटे गरम पावांचा वास घेत मी दुकानोदुकानी फिरायचो. सुखाचे दिवस होते. पुढे बेकरी बंद पडली आणि मालकाने आम्हा क्रेटांना फूड बँकेत देऊन टाकलं.

नाव बँक, पण इथे नोटा नाहीत. इथे दुकानांतून उरलेला माल येतो. कालचा पाव, जरा डागाळलेली सफरचंदं, तारीख जवळ आलेली दुधाची पाकिटं. सोमवारी मला किराणा दुकानाच्या दाराशी ठेवतात. सामान घेऊन बाहेर पडणारे लोक माझ्यात काही ना काही टाकतात. कुणी मोठं पाकीट हळूच ठेवतं, कुणी बिस्किटाचा एक पुडा टाकून चारदा इकडेतिकडे बघतं.

मग गोदामात मावशी सगळं निवडतात. या मावशी कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हेत, पण सगळ्यांना त्यांचा धाक सख्ख्यासारखाच. चेपलेला डबा बाजूला, फुगलेला कचऱ्यात. प्रत्येक सीलबंद डब्याच्या झाकणावर तो कधीपर्यंत चांगला आहे ते त्या काळ्या पेनाने ठसठशीत लिहितात आणि खाली दोन रेघा मारतात. आधी संपणारं पुढे, नंतरचं मागे. गुरुवारी त्याच्या पिशव्या भरून रांगेतल्या गरजूंना वाटतात.

त्या रांगेत टेलरकाका यायचे. इस्त्रीचा सदरा, वर गळ्यापर्यंत लावलेली बटणं. दुकान कधीच बंद झालेलं, बायको गेलेली, घरात एकटे. पिशवी घेताना मान खाली घालून "आभारी आहे" म्हणायचे आणि भराभर निघून जायचे.

आणि सोमवारी, दुकानाच्या दाराशी, तेच काका माझ्यात डबे आणून ठेवायचे. वाटाणे, राजमा, फळांच्या फोडी. आवाज होऊ नये म्हणून एकेक अलगद. दर आठवड्याला हात थोडे जास्त थरथरत होते, सदरा अंगावर जास्त ढगळ होत होता. हे मी सगळं पाहत होतो आणि आतल्या आत तळमळत होतो.

एकदा निवडताना मावशी थबकल्या. "अगंबाई, हे तर माझंच अक्षर! हा डबा आपण देऊन टाकलाय की."

खाली आणखी तसेच निघाले. गोदामाचा मॅनेजर तापला. "आपण द्यायचं आणि यांनी आणून टाकायचं? म्हणजे गरजच नाही. कोण आहे ते शोधा, पिशवी बंद करू. बाहेर रांग काय कमी आहे?"

जो दर आठवड्याला वाळत चालला होता, त्याचीच पिशवी बंद होणार होती.

पुढच्या सोमवारी मावशी दुकानाच्या दाराआड उभ्या राहिल्या. काका आले. पहिला डबा ठेवतात न ठेवतात तोच मावशी पुढे झाल्या.

"काका, हे काय चाललंय?"

काकांचा चेहरा उतरला. "चोरी नाही हो केली. तुमचंच तुम्हाला परत देतोय."

"परत का पण? मग तुम्ही खाता काय?"

"पिशवीत बिस्किटं असतात ना. तीच पुरवून पुरवून." काकांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं वाकडी होऊन आखडली होती. "जन्मभर कात्री चालवली. आता साधा ओपनर फिरवता येत नाही. शेजारी एकदा उघडून देतील, दोनदा देतील. रोज कुणाचं दार वाजवायचं?"

"अहो, मग सांगायचं ना आम्हाला!"

"फुकट मिळतंय, वर कुरकुर कशी करणार? दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. आणि अन्न फेकवत नाही."

मावशी पायरीवर मटकन बसल्या. "तुमची पिशवी मीच भरते. एकटा जीव, टिकाऊ काहीतरी हवं, म्हणून मुद्दाम डबे जास्त घालायचे."

मग मावशी उठल्या, दुकानातून दोन केळी आणि पाव आणला आणि काकांना तिथेच, पायरीवर बसवून खायला लावलं.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. ऐकल्यावर कितीतरी वेळ चष्माच पुसत बसला. आता तयार पिशव्या बंद झाल्यात. टेबलावर सगळं मांडतात आणि ज्याला जे हवं ते तो निवडतो.

माझा एक कोपरा तडकलाय. फिरती संपली; गोदामात टेबलाखाली कांदे सांभाळत बसतो. तुम्हाला एकच विनवणी: कुठे काही दान कराल तेव्हा जरा घेणाऱ्याच्या हातांचाही विचार करा.

टेबलाशी खुर्ची टाकून आता काका बसतात. गालही जरा भरलेत. परवा एक नवा माणूस आला, कडेवर छोटी पोर.

"काहीही द्या," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"काहीही मिळणार नाही," काका म्हणाले. "घरी शेगडी आहे? भांडी आहेत? पोरगी काय खाते? लाजू नका, मी लाजलो आणि उपाशी राहिलो."

माणसाने पहिल्यांदाच मान वर केली. "तिला... दूध मिळेल का?"

"मावशी," काकांनी खणखणीत हाक मारली, "दूध आणा! आणि पाकीट कापून पेल्यात ओतून द्या, याचा एक हात अडकलाय."