कुलपाचे झोके

सदतीस नंबर दाराबाहेर आली, तशी व्हरांड्यातली सगळी रांग तिच्यावर तुटून पडली.

"काय विचारलं?"

"अगं, श्वास तरी घेऊ द्या." तिने रुमालाने मान पुसली. शिक्षक होण्याच्या परीक्षेचा हा शेवटचा दिवस, तोंडी परीक्षेचा, आणि आज इथे कुणालाच नाव नव्हतं. जो तो आपल्या नंबरावर आला होता. "बाहेरून आलेले परीक्षक सर इतिहासाचे आहेत. विज्ञानाच्या बाई आजारी पडल्या म्हणून ऐनवेळी बोलावलंय त्यांना. आपली फाईल उघडतात, मनाला येईल ते पान काढतात आणि काहीतरी उलटं बोलतात."

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम बोलतात की खरंच त्यांना तसं वाटतं, तेच कळत नाही. असं पाच वेळा झालं, मी आपली पाचही वेळा हसले. आता हसण्याचे मार्क मिळाले तर पास."

रांग खदखदली. अडतीस नंबर मात्र फाईलची नाडी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

गेल्या वर्षी याच दारातून ती आत गेली होती. तेव्हाचे परीक्षक म्हणाले होते, "वर्ग गप्प बसला म्हणजे वर्ग शिकतोय, नाही का?" आणि ती पटकन "हो सर" म्हणाली होती. मग पुढचं, त्यालाही हो. असे सात हो झाले आणि तीन मार्कांनी ती गेली. नंतर तिच्या मार्गदर्शक बाईंनी डोक्याला हात लावला होता. "अगं, ते तुला ढकलून बघत होते. तू दर वेळी पडलीस."

यंदा एका शाळेने सहावीचा वर्ग तिच्यासाठी राखून ठेवला होता. सोमवारी निकाल घेऊन ये, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल, असं तिथल्या मुख्याध्यापिकेने स्वच्छ सांगितलं होतं. निकाल आज संध्याकाळी फळ्यावर लागणार होता.

सकाळी निघताना सासूबाई नातवाला कडेवर घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. "मोठ्या माणसाशी वाद घालू नकोस. हो म्हण आणि ये. याला मी बघते."

"आई, हो म्हणूनच तर गेल्या वर्षी राहिली ती," आतून नवरा म्हणाला.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "मग नाही म्हण. पण गोड म्हण."

"अडतीस," शिपाईकाकांनी दारातून पुकारलं.

तिने फाईलची नाडी बांधून टाकली; भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. सरावाच्या पाठांच्या वेळी, वर्गात पाऊल टाकायच्या आधी वाटायचं तसंच काहीसं वाटत होतं.

खोलीत एक लांब टेबल, मागे लोखंडी कपाट, भिंतीवर मोठं घड्याळ. टेबलापलीकडे मार्गदर्शक बाई, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या भुवयांचे एक गृहस्थ. त्यांनी फाईल ओढून घेतली, पानं भराभर उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"लंबक. दोरीला बांधलेली वस्तू झुलते तो. तुम्ही लिहिलंय, 'जड वस्तू बांधली तर झोके जलद पडतील का, याचं उत्तर मुलांनी प्रयोग करून शोधावं.'" त्यांनी मान वर केली. "प्रयोग कशाला? जड वस्तू भरभर झुलणार, हे शेंबडं पोरही सांगेल. सांगून टाकायचं आणि पुढे जायचं. वेळ वाचतो. काय?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

हो सर, हे दोन शब्द तिच्या जिभेवर आयते येऊन बसले. तिने ते गिळले. सर गंमत करत असतील तर हो म्हटलं की संपलं. आणि खरंच तसं समजत असतील, तर बाईंच्या देखत त्यांना खोटं कसं पाडायचं? त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. पांढऱ्या भुवया जागच्या जागी.

"करून बघू या का, सर?" ती म्हणाली, आणि कोणी काही बोलायच्या आत तिने फाईलची नाडी ओढून काढली.

"इथे?"

"दोन मिनिटं. बाई, कपाटाची किल्ली देता?"

बाईंनी किल्ली दिली. तिने ती नाडीच्या टोकाला बांधली. दुसरं टोक आपण धरावं म्हणून हात वर केला, तेवढ्यात सर म्हणाले, "तुम्ही धराल तर हवे तसे झोके द्याल. आणा इकडे." ते उठून उभेच राहिले.

"घड्याळाकडे बघून अर्धं मिनिट. बाई मोजतील," ती म्हणाली. बाईंनी निमूटपणे मोजायला सुरुवात केली. एकोणतीस झोके झाले.

मग किल्ली सोडून तिने कपाटाचं कुलूप काढलं आणि तेच नाडीला बांधलं. चांगलं मूठभर जड पितळी कुलूप. दोरी आधीइतकीच राहावी म्हणून तिने कुलपाच्या मध्यापासून वीत लावून मोजली, गाठ थोडी वर सरकवली.

"आधी सांगा सर. आता किती?"

"चाळीस. चाळीस तरी."

सरांनी कुलूप सोडलं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. बाईंचा आवाज नकळत वर चढला होता. एकोणतीस, आणि काटा अर्ध्या मिनिटावर आला.

कुलूप झुलतच होतं. का, कसं, सगळं सांगून टाकायची तिला घाई झाली होती. तिने ओठ मिटून घेतले आणि खुर्चीची कड धरली.

"घड्याळ बरोबर आहे ना हे?" सरांनी विचारलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"परत."

परत एकोणतीस. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग खाली बसून हाताच्या आडोशाने कागदावर काहीतरी लिहिलं. "या तुम्ही," ते म्हणाले. नाडी आणि कुलूप त्यांच्या मुठीतच राहिलं. मागायचं धाडस तिला झालं नाही. सुटी पानं छातीशी धरून ती बाहेर आली.

"काय विचारलं?"

"त्यांनी एकच. बाकीचं मी विचारलं."

सगळं ऐकल्यावर सदतीस नंबरने तिचा दंड पकडला. "परीक्षकाला कामाला लावलंस? अगं वेडे, गेलीस तू."

"असेन," ती म्हणाली. तरीही तिला परत आत जावंसं वाटत होतं. अजून एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

एकोणचाळीस नंबरला कोणी पुकारेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रांगेतल्या एकीने दाराला कान लावला. "मोजतायत," ती कुजबुजली. "दोघंही."

मग दार किलकिलं झालं आणि शिपाईकाका बाहेर आले. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि तिच्यापाशी येऊन थांबले.

"ताई, सरांना दोरी हवीय. लांब."

"किती लांब?"

काकांनी दोन्ही हात पसरले.

मग एकोणचाळीस नंबरने आपल्या फाईलची नाडी ओढून काढली. चाळीसने काढली, एक्केचाळीसने काढली. व्हरांड्यात सगळीकडे कागद सळसळले. ती जमिनीवर बसून नाडीला नाडी जोडत गेली.

"काका," गाठ मारता मारता तिने विचारलं, "एवढ्या लांब दोरीला तेच कुलूप बांधलं तर काय होईल?"

"सावकाश झुलेल की," काका म्हणाले. "नातीचा झोका मी एकदा वरच्या फांदीला बांधला. म्हणते, आजोबा, हा झोका आळशी आहे."

तिने शेवटची गाठ ओढून पाहिली आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

"मग हे सांगूनच टाकतो सरांना," दाराला हात लावत काका म्हणाले. "वेळ तरी वाचेल."

"नका सांगू, काका," ती म्हणाली. "मोजू द्या त्यांना."