डावीकडचा दात

बागेतल्या बाकावर शेजारी बसलेली बाई फोनवर बोलता बोलता खळखळून हसली, आणि कवळीवाल्याने तोंडाला लावलेल्या बाटलीतलं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. पुसायचंही भान त्याला राहिलं नाही. तो बाईच्या तोंडाकडे बघतच राहिला. वरचा, डावीकडचा, पुढचा दात शेजारच्या दातावर चढलेला. तांदळाच्या दाण्याएवढाच, जास्त नाही.

तो दात त्याने स्वतःच्या हाताने चढवला होता. आईसाठी.

आईचे दात गेले तेव्हा तिने हट्टच धरला होता. “नीटनेटके दात लावशील तर खबरदार! आरशात मला मीच दिसले पाहिजे.” तेव्हा तिचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं. मग त्याने मेणात दात मांडताना तो एक, तिचा मूळचा होता तसा, मुद्दाम वाकडा बसवला. आयुष्यभर लोकांना सरळ दात देणारा माणूस. तेवढं एकदाच केलं. पुढे विसरणं वाढत गेलं आणि अकरा महिन्यांपूर्वी एका दुपारी आई घराबाहेर पडली ती परतलीच नाही. माळ्याने तिला शेवटचं पाहिलं ते या नदीकाठच्या बागेत, कठडा धरून उभी असलेली. कवळी तिच्या तोंडातच होती.

तेव्हापासून रोज पाच वाजता काम आवरून तो इथे येई. डोळ्यांना जरा आराम, असं सगळ्यांना सांगे. बाग तरी केवढीशी! चार बाक, एक घसरगुंडी आणि कठड्यापलीकडे संथ पाणी. आराम कुठला डोंबलाचा. डोळे आपले फाटकाकडे आणि काठावरच्या वाटेकडे लागलेले. बाकांवरच्या म्हाताऱ्यांकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आता परक्या बाईला तिच्या दातांबद्दल विचारायचं कसं? पण आईचे दात इथे असतील तर आई कुठे आहे, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

“काकू, रागावू नका. ही कवळी तुम्हाला कुठे मिळाली?”

बाईने तोंडावर हात ठेवला. “मिळाली म्हणजे? रस्त्यावरून उचलली की काय मी! दवाखान्यातून करून घेतलीय. दोन महिने झाले.”

“मी कवळ्या बनवतो. एकदाच बघू द्याल? उपकार होतील.”

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, बाईने पाठ वळवली, कवळी काढली आणि रुमालावर ठेवून पुढे केली. त्याने ती उलटी केली. आतल्या बाजूला, गुलाबी हिरडीत, प्रत्येक कवळीवर तो कोरतो तसा आकडा होता. वळण त्याच्याच हाताचं. आईच्या कवळीवर त्याने आकडा घातला नव्हता. नुसतं ‘आई’ कोरलं होतं.

त्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. हा आकडा त्याला आठवत होता. हे काम त्याने केलं होतं आणि दात सरळ बसवले होते. शप्पथ, सरळच.

बाईने कवळी बसवून घेतली. “आधी मीही म्हटलं, वाकडा दात कशाला दिला? आता सवय झाली. नातवंडं म्हणतात, आजी, तू हल्ली जास्त प्रेमळ दिसतेस.”

समोरून एक काठीवाले आजोबा आले. “काय, आज लवकर?” असं बाईला म्हणत हसले. डावीकडचा दात चढलेला. पलीकडच्या बाकावर दोघे बुद्धिबळ खेळत होते; जिंकलेला हसला. तसाच दात. मग हरलेलाही हसला.

कवळीवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. या भागातले तिन्ही डॉक्टर त्याच्याकडूनच कवळ्या करून घेत. तो फक्त प्लास्टरचे साचे बघे. तोंडं कधीच नाही. त्याने बायकोला फोन लावला.

“अगं, कपाटातल्या तयार कवळ्या जरा बघ. डावीकडचा दात...”



“बघायला कशाला हव्यात,” ती म्हणाली. “मीच तर डबीत भरून पाठवते.”

“किती झाल्या?”

“आई गेल्यापासूनच्या सगळ्या.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“बोलणार होते. पण अहो, तेवढा एक दात बसवताना तुम्ही गुणगुणत होतात. एरवी घरात तोंडातून शब्द निघत नव्हता तुमच्या. आणि एकही कवळी परत आली नाही. कुणीच तक्रार केली नाही.”

“उद्यापासून सरळ बसवीन.”

“बघा जमतंय का,” ती हळूच म्हणाली.

तो उठून कठड्याशी गेला. अकरा महिन्यांत त्याने इथे आईला एकदाही हाक मारली नव्हती. हाकेला ओ आली नाही तर मग उरलं काय, या भीतीने तो नुसता बसून राही. आज मात्र त्याला राहवलं नाही.

“आई!”

आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पाण्यावर काहीच हललं नाही. ओशाळून तो मागे वळला. चारही बाकांवरची माणसं बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत होती, आणि हसत होती.