धोंडूबाईचं सूप

दसऱ्याच्या सकाळी चांगो अंघोळ उरकून, नवा सदरा घालून ओटीवर आला, तर आईने हत्यारांची पूजा मांडलेली. पाटावर विळा, कोयता, कुदळ, नांगराचा फाळ, तिचं स्वतःचं सूप, आणि सगळ्यांच्या मधोमध, जावयाला बसवावं तसा, वर्कशॉपमधून आणलेला तो ॲल्युमिनियमचा पंख. पहिलं झेंडूचं फूल त्यालाच वाहायचं, असा गेल्या वर्षीपासूनचा रिवाज. चांगोने फूल हातात घेतलं, पण वाहिलं नाही.

हा पंख घरात आला कसा, ते आधी सांगायला हवं. चांगो खोपोलीला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. दोन वर्षांमागे तिथे परदेशातून काम आलं. हातभर लांबीचे पातळ पंख बनवायचे, चार-चारच्या जोडण्यांत. विमानाचं काम आहे, एवढंच कामगारांना सांगितलेलं. पहिला माल गेला तसा परत आला. पंख मापात होते, पण हवेत थरथरत होते. मालक शरच्चंद्र साहेब, कर्जतचे, शिकलेले आणि स्वभावाने मऊ, डोक्याला हात लावून बसले. इंजिनियर कागदावर आकडे मांडत राहिले.

अडलेलं काम सुटलं ते चांगोमुळे, आणि चांगोला सुचलं ते आईमुळे. धोंडूबाई खालापूरच्या बाजारात सूप घ्यायला गेली की बुरडाचा जीव खायची. एकेक सूप बोटावर तोलून बघायची. जरा एका अंगाला कललं, की परत. का, तर सूप डोक्यावर धरून भाताला वारं द्यायचं असतं. कलतं सूप असलं की दाणा भुसाबरोबर जातो. शेजारच्या मोतीबाईचं सूप असंच वाकडं, आणि त्यावरून धोंडूबाई तिला वर्षानुवर्षं चिडवत आलेली. चांगोने तेच केलं. प्रत्येक पंख सुरीच्या धारेवर तोलला, कुठे जड आहे ते हेरलं, आणि एकासारखे एक कलणारे चार-चार निवडून जोडण्या लावल्या. थरथर गेली. परदेशातून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी चांगोला शाल-नारळ दिला, आणि बाद झालेला एक पंख घरी नेऊ दिला.

मग काय विचारता! धोंडूबाईला गाव अपुरं पडलं. "माज्या सुपावर इमान उडतंय गं," असं ती पाणवठ्यावर सांगायची, आणि ऐकणारी कंटाळली तरी पहिल्यापासून सांगायची. चांगोही मान ताठ करून फिरायला लागला. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडत होतं.

या शिमग्याच्या आधी परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस वर्कशॉपमध्ये आला. ऑफिसच्या भिंतीवर चादर लावून त्याने फिल्म दाखवली, आणि साहेबांनी चांगोला मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं. विमानाखालून एक लांबोडकं धूड सुटलं. त्याच्या शेपटीला चार पंख होते. चांगोने ते लगेच ओळखले, आपलं पोर गर्दीत ओळखावं तसे. धूड जराही न थरथरता सरळ खाली गेलं, एका एकट्या घरावर. पांढरा धूर उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात चांगोने. त्याचं लक्ष पंखांवर होतं, घरावर नव्हतं.

साहेब हळूच म्हणाले, "चांगो, हा बॉम्ब आहे. आपलं गिऱ्हाईक हे बनवतं आणि दोस्त देशाच्या विमानदलाला विकतं. नेम चुकत नाही म्हणून आणखी दोन दोस्त देश मागतायत. काम वाढणार." बोलताना त्यांनी चांगोकडे बघितलं नाही.

परदेशी माणसाने फिल्म मागे फिरवून परत लावली. या वेळी चांगोने खाली बघितलं. घरापुढे खळं होतं. खळ्यात एक ठिपका उभा होता, आणि ठिपक्याच्या एका बाजूला फिकट पट्टी लांबत होती. बाकी कोणाला ती दिसली नसेल, दिसली तरी कळली नसेल. भाताला वारं देताना भूस असंच एका अंगाला जातं. वरून बघितलं तर असंच दिसेल.

तेव्हापासून सात महिने चांगो रोज कामावर जात होता, पंख तोलत होता, आणि घरी आला की तिथल्या पंखाकडे बघायचं टाळत होता.

आता धोंडूबाई म्हणाली, "वाहा की रं फूल. मुहूर्त काय त्या पंखानं काढायचा?"

"आये, त्ये इमानाचं नाय," चांगो म्हणाला. "बाँबचं हाय." आणि मग त्याने सगळं सांगितलं. साहेब, फिल्म, घर, खळं, भुसाची पट्टी. सांगताना त्याचा आवाज एवढा बारीक झाला, की धोंडूबाईला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"बाय व्हती का बाप्या?" तिने विचारलं.

"ठिपका व्हता. काय कळनार?"

"वारं देत व्हती म्हनजे बायच," धोंडूबाई म्हणाली. "तिनं वर बगितलं?"

"नाय. भुसाची पट्टी चालूच व्हती. तिचं ध्यान सुपात."

धोंडूबाई पाटावरची फुलं सारखी करायला लागली. चांगोला वाटलं, सुटलो.

"पयल्यांदा टाळ्या वाजवल्यास," ती म्हणाली. "तवा तुला ठावं नव्हतं. बरं. दुसऱ्यांदा दावलं, तवा काय केलंस?"

चांगोला वाटलं भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. हीच गोष्ट त्याने सात महिने कोणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

"साहेब बगत व्हते," तो म्हणाला.

"म्या इचारलं, तू काय केलंस?"

"वाजवल्या."

धोंडूबाईने पाटावरचं सूप उचललं, त्याच्यावरचं हळदकुंकू पदराने पुसलं आणि ते आत नेऊन आढ्याला उलटं टांगलं. पंख तिथेच राहू दिला. "वाहा त्याला फूल," ती म्हणाली. "हत्यारच हाय त्ये. सूप न्हवं." चांगो फूल मुठीत धरून तसाच उभा राहिला.

दुपारी नव्या भाताला वारं द्यायचं होतं. धोंडूबाई कुंपणापाशी गेली आणि मोतीबाईकडे सूप मागितलं. मोतीबाईला हसू आवरेना. इतक्या वर्षांचा वचपा काढायची संधी आयती दारात आलेली.

"का गं, तुजं इमान उडवनारं सूप काय झालं? माजं वाकडं हाय बग. दाना सांडंल."

ओटीवर बसलेल्या चांगोला आईचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"सांडू दे," धोंडूबाई म्हणाली. "मला वाकडंच पायजे."