ओल्या गवताचे गठ्ठे

गवताचे गठ्ठे बांधायचं आमचं बेलर इतकं जुनं, की ते घेतलं तेव्हा चंद्र निम्माच होता, बाकीचा नंतर वाढला. विश्वास नाही बसत? नका ठेवू. पण मशीन कामाचं. गवत गिळायचं, पोटात गरगर फिरवायचं, आणि पोट गच्च भरलं की टण्ण करून घंटा वाजायची. मग त्यावर सुतळी गुंडाळली जायची, मागचं दार उघडलं की माझ्या खांद्याला लागेल एवढा गोल गठ्ठा धप्पकन बाहेर. ह्यांनी जन्मभर त्यात वाळकं गवत बांधलं. जाताना थोरल्याला एवढंच बजावून गेले, घंटा वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही.

यंदा सूनबाईनं ठरवलं, वाळकं नको, मुरघास करायचा. गवत कापून अर्धवटच सुकवायचं, दमट असतानाच गठ्ठे बांधायचे आणि त्याच दिवशी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचे. आत हवा गेली नाही तर गवत छान मुरतं, गाई थंडीभर मिटक्या मारत खातात. हवा गेली की सगळं कुजलं. आधीच्या थंडीत चारा कमी पडून गाईंच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. "यंदा पुरला नाही तर निम्म्या गाई द्याव्या लागतील," सूनबाई म्हणाली. त्या गाई तिनं वासरं असल्यापासून बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या.

सकाळीच थोरला ट्रॅक्टरवर चढला. मी बांधावर स्टूल टाकून बसले. देखरेखीला कुणीतरी नको का?

"अहो, ओलं गवत जड असतं! गठ्ठे लहान काढा!" सूनबाई ओरडली.

"घंटा कुठे वाजलीय अजून?"

"घंटेला काय कळतंय ओलं की सुकं?"

"बाबांनी कधी लहान गठ्ठा काढला नाही."

"बाबांनी कधी ओलं गवतही बांधलं नाही!"

"भांडा, भांडा," मी म्हटलं. "तेवढ्यात गवत वाळेल."

थोरला माझा मुलगा खरा, पण हट्ट बापाचा. घंटा वाजत राहिली, गठ्ठे पडत राहिले. दुपारी शेत असं दिसत होतं, की जणू कुणी ढग गुंडाळून ठेवलेत.

मग शेजारचा मिशीवाला आला, गठ्ठ्यांना प्लास्टिक गुंडाळायचं मशीन घेऊन. थोरल्यानं ट्रॅक्टरचे पुढचे दांडे पहिल्या गठ्ठ्यात खुपसले आणि उचलायला गेला. गठ्ठा ढिम्म. ट्रॅक्टरचीच मागची चाकं वर! थोरला स्टिअरिंगला लटकलेला. मी त्याला ढगाला टेकलेला पाहिलाय. सूनबाई म्हणते वीतभर उचलला. तिला मोजता येत नाही.

"काकू, यात गवत आहे की हत्ती?" मिशीवाल्यानं विचारलं.

"हत्ती असता तर चालत तरी गेला असता, बाबा."

मिशीवाल्यानं आपल्या मशीनचा हात गठ्ठ्याखाली घातला. कर्रर्र करून हात वाकला. त्यानं घाईनं मशीन मागे घेतलं. "दादा, निम्मे करून द्या, मी थांबतो."

निम्मे करायचे म्हणजे काय, सुतळ्या कापायच्या, गवत उलगडायचं, परत बेलरला घालायचं. आम्ही लोखंडी काट्यांनी ओढून ओढून एक गठ्ठा सोडवला. ओलं, लोंबणारं गवत बेलरच्या रुळाभोवती वेटोळं घालून बसलं. थोरला आडवा पडून सुरीनं कापत होता. परत चालू केलं, आणि आतला पट्टा फाट्कन तुटला. तो पट्टा बनवणारा कारखाना कधीच बंद झालाय.

थोरल्यानं पट्ट्याची दोन्ही टोकं जुळवून पाहिली.

"माझंही गवत पडलंय, वहिनी," मिशीवाला म्हणाला. प्लास्टिकचे रोल ठेवून तो गेला.

सूनबाईनं एका गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "तापायला लागलेत. आज गुंडाळले नाहीत तर कुजतील."

आम्ही तिघांनी हातानंच गुंडाळलं. एकानं रोल धरायचा, दुसऱ्यानं ओढायचं, मी मागून दाबायचं. गोल गोल फिरून भोवळ आली. पण खालची बाजू जमिनीला टेकलेली, तिथे प्लास्टिक जाईना. थोरल्यानं पहारीनं गठ्ठा कलता करायला पाहिलं, पहार मातीत रुतली. अंधार पडेपर्यंत तो एकच म्हणत होता, "एवढा आवळलाय, टिकेल गं. टिकेल ना?" सूनबाईनं नवा रोल फोडला.

थंडी पडल्यावर पहिला गठ्ठा फोडला. वरून पांढरी बुरशी, आत काळा लगदा. दुसरा तसाच. तिसऱ्याच्या वासानं गाईंनी मानाच फिरवल्या. थोरला मात्र सगळे फोडत गेला, अगदी शेवटचा होईस्तोवर.

निम्म्या गाई न्यायला ट्रक आला तेव्हा थोरला गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. बाकीच्या चढल्या. पांढऱ्या डोक्याची टोपीवाली ट्रकला लावलेल्या फळीवर पाय ठेवेना. ड्रायव्हरनं ओढली, मागून ढकलली, शेपूट पिळली. ती फक्त सूनबाईकडे बघत होती.

"तुमच्या मागून येईल बघा ती," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हीच चढा ना, ताई."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं.

ती फळीवरून वर चढली, ट्रकच्या पार आतपर्यंत गेली. टोपीवाली तिच्या मागोमाग, मुकाट.