हवेत झाडलेल्या गोळ्या

र्युसेल्सहाइमच्या त्या घरात रविवारी दुपारी एकच गोष्ट ठरायची होती: दिनकर भुवड नातीच्या लग्नाला हो म्हणतात की नाही.

नात सुकन्या सत्तावीस वर्षांची. पाच वर्षांची होईपर्यंत ती चिपळूणला दिनकररावांजवळ वाढली, मग आईवडिलांकडे जर्मनीत आली. वडील नागेश इथल्या मोटार कारखान्यात इंजिनिअर. तिला लग्न करायचं होतं ते गौरांग फडतरेशी. तो साताऱ्याकडचा, एश्बॉर्नला एका आयटी कंपनीत कामाला. स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या विवाहनोंदणी कचेरीत, जाऊन सही करायला दोघांना कुणाची परवानगी लागत नव्हती. पण सुकन्याने गौरांगला आधीच सांगून ठेवलं होतं, आजोबा नाही म्हणाले तर आपण थांबायचं.

अडचण १९४६ सालची होती. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात हिंदी नौसैनिकांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केलं. फोर्टातल्या एका बराकीत बंडवाले अडकले, बाहेर लष्कराचा पहारा बसला आणि पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांना गोळीबाराचा हुकूम झाला. दिनकररावांचे वडील बराकीच्या आत होते. दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात वारले. प्रेत घरच्यांना मिळालं नाही. दिनकरराव त्यानंतर जन्मले.

गौरांगचे पणजोबा बराकीच्या बाहेर होते, बंदूक घेऊन.

हे घरी सांगितलं सुकन्यानेच. तिला लपवता आलं असतं. दिनकरराव फोनवर एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडचं कुणी मोठं माणूस असेल तर भेटव. मला एक विचारायचंय." त्या शिपायाची मुलगी अहिल्याबाई, म्हणजे गौरांगची आजी, हिवाळ्यात नातवाकडे आली होती. दिनकररावांनीही तिकीट काढलं.

तिकडे जाताना एस-बान लोकलमध्ये गौरांग आजीला म्हणाला, "ते विचारतील. तू सांग, पणजोबांनी हवेत गोळी झाडली. बाबा नेहमी सांगतात तेच."

"तुझ्या बाबाला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलं असशील ना."

"मी नाही," अहिल्याबाई म्हणाल्या. "तिकीट तुझ्याजवळ आहे ना? बघ एकदा."

घरात शिरल्यावर ओळखी झाल्या, मूळ गावं विचारून झाली. नागेशची बायको कुंदा हिने पोहे आणले. दिनकररावांनी बशी हातात घेतली नाही.

"अहिल्याबाई, तुमच्या वडिलांनी त्या दिवशी गोळी झाडली होती?"

"झाडली, आजोबा, पण हवेत," गौरांग घाईने म्हणाला. "हुकूम होता म्हणून. आपल्याच माणसांवर कोण कशाला..."

"हवेत," दिनकरराव म्हणाले. "असू दे." त्यांनी मान डोलावली आणि बशी उचलली. "त्या तुकडीतले चार जण मला आयुष्यात भेटले. एकाला शोधत तर मी कराडपर्यंत गेलो. चौघांनीही हवेतच झाडली होती. त्या दिवशी फोर्टात आभाळाला फार लागलं असणार."

नागेश हसला. आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

खरं तर विषय तिथे संपला होता. दिनकररावांनी चमचा उचलला होता. पण सुकन्या म्हणाली, "असू दे काय, आजोबा? आमच्या शाळेत नववीत बाईंनी विचारलं, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात काय केलं, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी सगळे आले. कुणाचा पणजोबा स्वयंपाकी, कुणाचा ड्रायव्हर, कुणाचा पोस्टात. बाई म्हणाल्या, मग एवढं मोठं युद्ध लढलं कोण?"

"सुकन्या, पोहे गार होतायत," कुंदा म्हणाली.

"होऊ देत, आई. आजी, ते तुमच्याशी कधी बोलले का? खरं काय ते सांगा. इथे राग कुणालाच येणार नाही."

हे आश्वासन तिने सगळ्यांच्या वतीने दिलं.

अहिल्याबाईंनी बशी टेबलावर ठेवली. "शेवटच्या आजारपणात त्यांची दाढी मी करायचे. तेव्हा एकदा बोलले. पहिल्या मजल्यावर एक पोरगा गादी ओढून खिडकीला लावत होता, म्हणाले. गोळ्या अडवायला. अंगात पांढरे कपडे. गादी जड असावी, त्याला आवरत नव्हती. आधी कोपर बाहेर आलं, मग खांदा. मग सगळाच दिसला. त्यांनी झाडली. पोरगा गादीवरच पडला."

"आजी," गौरांग म्हणाला.

"मागे साहेब उभा असेल ना?" नागेशने विचारलं. "पिस्तूल रोखून?"

"होता. पण तो पलीकडे बघत होता. हवेत झाडली असती तरी कळलं नसतं, असं तेच म्हणाले."

"मग का?" दिनकररावांनी विचारलं.

"मीही विचारलं. म्हणाले, नेम बसत होता."

दिनकररावांनी चमचा बशीत ठेवला.

"तो माझा बाप होता की दुसरा कुणी, हे सांगता येणार नाही," दिनकरराव म्हणाले.

"नाही येणार."

"त्याला जखम कुठे झाली तेही आईला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही खरं सांगितलंत. इतक्या वर्षांत तुम्हीच पहिल्या."

सुकन्याला वाटलं, झालं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग, आजोबा?"

"मग नाही."

"म्हणजे?"

"मी हो म्हणायलाच आलो होतो, बाळा. चार जणांपुढे मान डोलावली, पाचव्यापुढेही डोलावली. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याच्यावर मला निभावता येत होतं. आता ती गादी दिसायला लागली. तुझ्या लग्नात अक्षता टाकताना दिसेल. तुझं मूल मांडीवर घेईन तेव्हाही दिसेल."

"यात माझा काय दोष, आजोबा?" गौरांगने विचारलं.

"काहीच नाही. तुझा नाही, यांचा तर नाहीच."

"मी विचारलं म्हणून," सुकन्या म्हणाली.

"हो," दिनकरराव म्हणाले. "तू विचारलंस म्हणून. आता तुला करायचं ते कर. मी अडवायला येणार नाही, पण हो म्हणणार नाही."

अहिल्याबाई उठल्या. दिनकररावही उठले आणि दारापर्यंत गेले. "तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले.

"असता तरी मी काही म्हटलं नसतं," अहिल्याबाई म्हणाल्या. गौरांगने वाकून त्यांच्या बुटांची नाडी बांधली. बांधताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुला गरज काय होती?"

"मुलीने खरं सांगा म्हटलं," त्या म्हणाल्या. "तूही म्हणाला असतास तर गाडीतच सांगितलं असतं."

दोघं जिना उतरू लागले. सुकन्या दारात उभी राहिली. मग तिने खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला आणि वडिलांकडे वळून जर्मनमध्ये बोलली: आजोबांना खोटं चालतं आणि खरं चालत नाही, तर मी थांबणार नाही; लग्न उन्हाळ्यात होईल, त्यांना बोलावू नका, आणि ते चिपळूणला परत जाईपर्यंत मी या घरी येणार नाही. आजोबांसमोर ती आजवर जर्मन बोलली नव्हती. ती भरभर जिना उतरून गेली.

"काय म्हणाली?" दिनकररावांनी विचारलं.

कुंदाने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यांना स्टेशनवर सोडून येते म्हणाली," नागेश म्हणाला. "उशीर झाला तर उद्या येईल."

"बरं," दिनकरराव म्हणाले. त्यांनी मान डोलावली.